दात तासण्याआधी एकदा हसून पाहा

लग्नसराई जवळ आली की शहरांतल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर ‘स्माईल डिझाईन’ची चलती सुरू होते. शेजारी शेजारी दोन फोटो असतात. डावीकडे पिवळसर, वेडेवाकडे दात आणि उजवीकडे एका ओळीत बसलेले पांढरेशुभ्र. काही ठिकाणी आता पेशंटचाच फोटो काढून संगणकावर त्याला नवे दात बसवून दाखवतात. चित्र आवडते, आगाऊ रक्कम भरली जाते आणि दुसऱ्या भेटीत, कधी कधी तर पहिल्याच, दात तासायला सुरुवात होते. त्याच घरात लग्नाच्या ब्लाउजची मात्र दोनदा ट्रायल झालेली असते. शिंपी आधी कच्चे टाके घालतो, बाही दंडात काचते का ते पाहतो आणि मगच पक्की शिलाई मारतो. ब्लाउज बिघडला तर दुसरा शिवता येतो. तासलेला दात पुन्हा वाढत नाही.

दातांचीही ट्रायल घेता येते. त्यासाठी फार महागडे यंत्र लागत नाही आणि अनुभवी दंतवैद्यांना ती पद्धत चांगली ठाऊक आहे. तरीही बहुतेक पेशंटना अशी काही सोय असते याचा पत्ताच नसतो. दुखत नसलेल्या, धडधाकट पुढच्या दातांना केवळ दिसण्यासाठी हात लावायचा असेल, तर तात्पुरते दात घालून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ही पायरी पेशंटच्या मर्जीवर किंवा दंतवैद्याच्या सवडीवर सोडण्यासारखी नाही.

यात नेमके काय पणाला लागते, ते आधी पाहू. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, पण पुढच्या दातांवर त्याचा थर अगदी पातळ असतो. हिरडीजवळ जेमतेम अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी, आणि दाताच्या कडेकडे साधारण एक मिलिमीटर. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवला की संपतात, त्यामुळे गेलेला थर शरीर परत बांधत नाही. व्हिनीअर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायची सिरॅमिकची पातळ चकती, बसवण्यासाठी सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास दात तासला जातो. पूर्ण कॅप घालायची तर दात चारी बाजूंनी तासून खुंटीसारखा करावा लागतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, आजही वारंवार उद्धृत होणाऱ्या एका अभ्यासात दातांचे वजन करून हा हिशेब मांडला होता. व्हिनीअरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा ३ ते ३० टक्के भाग जातो आणि पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. जाहिरातीत दोन्हींचे फोटो सारखेच सुंदर दिसतात. आत उरलेला दात मात्र एका ठिकाणी जवळपास पूर्ण असतो आणि दुसऱ्या ठिकाणी एक तृतीयांश.

या उपचाराची सुरुवातच तात्पुरत्या दातांनी झाली होती. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातील दंतवैद्य चार्ल्स पिंकस हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी दातांवर बसवायचे पातळ मुखवटे करून देत. कवळी चिकटवण्याच्या पावडरीने ते दातांवर बसत, कॅमेऱ्यासमोर झळकत आणि चित्रीकरण संपले की डबीत जात. बालतारका शर्ली टेंपलचे दुधाचे दात पडत असतानाही पडद्यावर तिचे हसू अखंड दिसे, ते याच युक्तीमुळे. दात कोणी तासत नव्हते, कारण तासूनही काही उपयोग नव्हता. कायमचे चिकटवायचे कसे, हेच तेव्हा माहीत नव्हते. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर येथील मायकेल ब्युओनोकोर यांनी आम्ल लावून एनॅमल खरखरीत केले तर त्यावर रेझिन घट्ट बसते हे दाखवले. १९८३ मध्ये सिरॅमिकलाही आम्लाने खरखरीत करता येते हे सिद्ध झाले आणि व्हिनीअर कायमचे झाले. चिकटण्याचा प्रश्न सुटला आणि त्याबरोबर उपचारातला परतीचा रस्ता बंद झाला. पिंकस यांच्या नटाला आरसा पाहून नापसंती दाखवता येत होती. आजच्या पेशंटला तशी संधी आपणहून मिळत नाही, मागून घ्यावी लागते.

ही ट्रायल होते कशी? दंतवैद्य दातांचे माप घेतो किंवा स्कॅन करतो. त्यावरून प्लॅस्टरचा नमुना तयार होतो आणि लॅबमधला तंत्रज्ञ त्या नमुन्यावर मेणाने नवे दात घडवतो. कडा किती लांब, फट कशी भरायची, सुळे किती गोल, हे सगळे आधी मेणात ठरते. त्या मेणाच्या दातांवरून सिलिकॉनचा साचा काढतात. साच्यात दाताच्या रंगाचे रेझिन भरतात आणि तो पेशंटच्या न तासलेल्या दातांवर दाबून बसवतात. काही मिनिटांत रेझिन घट्ट होते, साचा काढला जातो आणि पेशंट नव्या दातांसह आरशात पाहतो. दंतवैद्यकात याला मॉक-अप म्हणतात. नको असेल तर तो काढून टाकायचा. खालचा दात होता तसाच असतो.

संगणकावरचे चित्र हे काम करू शकत नाही. चित्रातला माणूस एकाच कोनातून, एकदाच हसतो. तोंडातल्या दातांवर ओठ हलतो, जीभ फिरते, खालचे दात येऊन आपटतात. ओठ सैल सोडले की तरुण वयात वरच्या पुढच्या दातांचा साधारण तीन मिलिमीटर भाग दिसतो. वयाबरोबर वरचा ओठ खाली येतो आणि साठीपर्यंत वरचे दात जवळजवळ झाकले जाऊन खालचे दिसू लागतात. पन्नाशीच्या माणसाला फोटोवरून पंचविशीतले लांब दात बसवले तर पडद्यावर ते शोभतात, जेवताना आणि बोलताना मात्र उपरे वाटतात. अर्धा मिलिमीटर लांबी कमी की जास्त, हा निर्णय चालत्याबोलत्या चेहऱ्यावरच होतो.

बोलण्याची कसोटी तर मराठी माणसाला अधिकच कडक लागते. ‘चमचा’, ‘जाळे’, ‘झाड’ यांतले च, ज, झ आपण जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे नेऊन उच्चारतो. ‘चिमणी’, ‘जीभ’ म्हणताना जीभ मागे टाळूकडे जाते. वरचे दात आतून जरा जाड झाले किंवा कडा लांबल्या की पहिल्या जातीच्या अक्षरांत शीळ घुसते किंवा बोबडेपणा येतो. ‘व’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या ओलसर भागाजवळ हलकी टेकते. ती बाहेरच्या कोरड्या ओठावर आपटू लागली तर दात लांब किंवा पुढे झाले असे समजावे. इंग्रजीत दंतवैद्य पेशंटला साठ ते सत्तरपर्यंत आकडे मोजायला लावतात. आपल्याकडे सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट मोठ्याने म्हटले तरी ‘स’ची परीक्षा होते. शिक्षक, कीर्तनकार, वकील, गायक यांनी तर ही चाचणी घेतल्याशिवाय दातांना हात लावू देऊ नये.

आणखी एक परीक्षा घरच्यांची. खुर्चीत बसलेली मुलगी म्हणते, “डॉक्टर, मला एकदम पांढरे आणि सगळे सारखे हवेत.” मॉक-अप लावून ती बाहेर येते आणि आई म्हणते, “अगं, छान दिसतंय, पण हे तुझं हसू नाही वाटत.” आईचे म्हणणे ऐकायचे की नाही हा मुलीचा प्रश्न. पण ते वाक्य दात तासण्याआधी कानावर पडले तर त्यावर विचार करता येतो, नंतर पडले तर ते आयुष्यभर सलते.

मॉक-अपचा दुसरा उपयोग पेशंटला दिसत नाही, पण तोच अधिक मोलाचा आहे. वापराने, आम्लाने, रात्री दात खाण्याच्या सवयीने झिजलेल्या दातांवरचे एनॅमल आधीच पातळ झालेले असते. दंतवैद्याने आजच्या पृष्ठभागापासून अर्धा मिलिमीटर मोजून तासले तर खालचा दंतिनाचा थर उघडा पडतो. दंतिनावर सिरॅमिकची पकड एनॅमलइतकी भरवशाची नसते आणि दात शिवशिवू लागतो. या शतकाच्या सुरुवातीला इस्तंबूलचे दंतवैद्य गालिप ग्युरेल आणि इतर काहींनी यावर साधा उपाय रूढ केला. मॉक-अप दातांवर ठेवायचा आणि त्याच्यावरूनच खोलीच्या खाचा पाडायच्या. जिथे नव्या दाताचा आकार जुन्यापेक्षा पुढे आहे, तिथे खाच रेझिनमध्येच संपते आणि खालच्या दाताला ओरखडाही येत नाही. जिथे खरोखर जागा करायची आहे तेवढेच तासले जाते. होणाऱ्या दाताच्या पृष्ठभागापासून मोजायचे, असलेल्या दातापासून नाही, एवढाच बदल. पण त्याने पुष्कळ एनॅमल वाचते.

मॉक-अपला मर्यादा आहेत आणि त्या पेशंटला सांगायलाच हव्यात. तो दातावर भर घालतो, दात कमी करत नाही. पुढे आलेल्या किंवा एकमेकांवर चढलेल्या दातांवर लावला तर तोंड आणखी पुढे दिसते. अशा दातांना बहुधा तारेचे उपचारच योग्य ठरतात आणि तेही न तासता. वर्ष-दीड वर्ष तार लावायला नको म्हणून धडके दात तासून ‘सरळ’ करणे हा महाग शॉर्टकट आहे. रंगाच्या बाबतीतही मॉक-अपवर विसंबू नये. रेझिनची झाक सिरॅमिकसारखी नसते, आणि दोन दिवस चहा व हळदीचे वरण पोटात गेले की ते पिवळे पडते. मॉक-अपने लांबी, आकार आणि उच्चार तपासायचे. रंग वेगळा, खिडकीतल्या उजेडात ठरवायचा. दात ब्लीच करायचे असतील तर ते सर्वांत आधी, आणि त्यानंतर दोनेक आठवडे थांबूनच चिकटवण्याचे काम.

दात तासल्यानंतर लॅबमधून कायमचे दात येईपर्यंत जे तात्पुरते दात बसवतात, तो या ट्रायलचा दुसरा अंक. पेशंट त्यांना ‘टेम्पररी’ म्हणतो आणि कधी एकदा जातात याची वाट पाहतो. खरे तर पहिल्यांदाच तो या दातांनी भाकरी तोडतो, फोनवर बोलतो, झोपतो. कुठे टोचते, कुठे अन्न अडकते, हे त्याने लिहून ठेवावे आणि पुढच्या भेटीत सांगावे. रेझिन घासून किंवा भर घालून त्याच बैठकीत दुरुस्ती होते. सिरॅमिकमध्ये तसे होत नाही. दोघांनाही पसंत पडलेल्या तात्पुरत्या दातांचेच माप घेऊन लॅबला पाठवले, की तंत्रज्ञाला अंदाज करावा लागत नाही.

तात्पुरता दात वारंवार तुटला किंवा निघाला तर पेशंट चिडतो, दंतवैद्य ओशाळतो आणि तो पुन्हा चिकटवून विषय संपवला जातो. तसे करू नये. पेशंट रात्री दात खात असेल, चावा एका बाजूला जड बसत असेल, तर ते इथेच उघड होते, आणि तोच जोर उद्या सिरॅमिकवर येणार असतो. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू झिजून गुळगुळीत झाली असेल तर छातीत जळजळ, आंबट ढेकर, वारंवार उलट्या यांची चौकशी व्हायला हवी. जठरातले आम्ल सिरॅमिकच्या कडेने खालचा दात खात राहते. इथे आधी फिजिशियनकडे पाठवणे हा दंत उपचाराचाच भाग आहे. हिरड्या सुजलेल्या, रक्त येणाऱ्या असतील तर मधुमेहाची तपासणीही त्यात आली.

हिरड्यांच्या आरोग्याचा तात्पुरत्या दाताशी थेट संबंध आहे. त्याची कड खरखरीत किंवा हिरडीत घुसलेली असेल तर आठवडाभरात हिरडी लाल होते. मग कायमचा दात चिकटवण्याच्या दिवशी रक्त येते आणि रक्तात चिकटवलेले काही टिकत नाही. काढल्या-घातल्या जाणाऱ्या या दातांसाठी वापरायचे सिमेंटही जपून निवडावे लागते. दंतवैद्याच्या दवाखान्यातला तो ओळखीचा लवंगेचा वास युजेनॉलचा, लवंग तेलातल्या मुख्य घटकाचा. दुखऱ्या दाताला तो शांत करतो, पण त्याचा अंश उरला तर नंतरचे रेझिन नीट घट्ट होत नाही. म्हणून व्हिनीअरसारख्या कामात बिनयुजेनॉलचे सिमेंट वापरतात.

याच दातांची दुसरी, काळजीची बाजू सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत दिसते. तासलेल्या दातांवर तात्पुरत्या कॅप बसलेल्या असतात आणि पेशंट पुढे गेलेलाच नसतो. पैसे संपले, गाव बदलले, लग्न उरकले, किंवा ‘चालतंय की’ म्हणून राहून गेले. तात्पुरत्या सिमेंटची सील काही आठवड्यांत सैल होते, आत कीड लागते आणि वर्षभराने ठणका लागून, गाल सुजून माणूस येतो तेव्हा विषय हसण्याचा उरलेला नसतो. रूट कॅनॉल करावे लागते, कधी दात काढावा लागतो. म्हणून दात तासण्याआधीच सबंध खर्च आणि सगळ्या भेटींच्या तारखा लेखी ठरलेल्या असाव्यात. हप्त्याहप्त्याने दात तासून घेणे ही काटकसर नाही.

दंतवैद्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. मेणाचा नमुना, लॅबचा खर्च, खुर्चीतला तासभर, एवढे करून जे बनते ते फेकून द्यायचे असते. त्याचे पैसे सांगितले की पेशंट म्हणतो, “शेजारच्या दवाखान्यात तर फुकट फोटो दाखवतात.” मग ट्रायल गाळली जाते. यावर उपाय एकच: तिचे शुल्क वेगळे, उघड आणि आधी सांगायचे, आणि मॉक-अप पाहून पेशंट नको म्हणाला तर तेवढ्यावरच व्यवहार थांबवायचा. काही पेशंट पाचव्यांदा आकार बदलून मागतात आणि तरी समाधानी नसतात. तेव्हा दातांत नसलेला दोष मनात असू शकतो, आणि मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला हा तासण्यापेक्षा चांगला मार्ग ठरतो. ट्रायलमुळे हे वेळेत कळते, यात दंतवैद्याचेही रक्षण आहे.

कायद्याच्या अंगानेही विचार करावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील एका निकालात संमतीचा अर्थ स्पष्ट केला आहे. उपचार काय, फायदा काय, धोका काय, दुसरे पर्याय कोणते आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे रुग्णाला पुरेसे समजावल्याशिवाय घेतलेली संमती खरी नाही. दुखत नसलेल्या दाताच्या बाबतीत ‘काहीच न करणे’ हा पर्याय नेहमीच उपलब्ध असतो आणि तो सांगितला गेलाच पाहिजे. छापील फॉर्मवरच्या सहीपेक्षा तोंडात अर्धा तास बसलेला मॉक-अप पेशंटला बरेच काही अधिक समजावतो.

पर्यायांची यादी मोठी आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त पाणी पिऊन वाढलेल्या मुलांच्या दातांवर पांढरे, तपकिरी डाग पडतात आणि लग्नाच्या बोलाचालीत तेच डाग आडवे येतात. अशा मुलांना थेट कॅप सुचवणारे भेटतात. सौम्य डागांसाठी ब्लीच, वरचा अगदी सूक्ष्म थर घासणे, डागात रेझिन मुरवणे किंवा साधे कॉम्पोझिट भरणे, यांतले काहीतरी बहुधा पुरते आणि दात शाबूत राहतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत दुसरे मत घेता येते. पंचविशीतल्या मुलीने आज व्हिनीअर बसवले तर नीट सांभाळूनही ते जन्मभर पुरणार नाहीत. आयुष्यात दोनदा-तीनदा ते बदलावे लागतील आणि दर वेळी थोडा दात जाईल, हेही तिला त्याच बैठकीत कळायला हवे.

आणि वेळ हवा. हिरड्या निरोगी करणे, हवे असल्यास ब्लीच आणि त्यानंतरची विश्रांती, मेणाचा नमुना, मॉक-अप, विचार करायला काही दिवस, मग तासणे, तात्पुरते दात आणि त्यांतल्या दुरुस्त्या, शेवटी कायमचे दात, हे सगळे घाई न करता करायचे तर दोन-अडीच महिने सहज जातात. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला असेल तर पहिली भेट गणपतीच्या आसपासच व्हायला हवी. लग्न तीन आठवड्यांवर आले असेल तर दात स्वच्छ करून घ्यावेत, फार तर ब्लीच करावे आणि बाकीचे वर्षसणानंतर ठरवावे.